तिथीची दुरुस्ती

यंदा आजोबांची तिथी तुमच्या फोनवर गुरुवारी आली आणि आमच्या फोनवर शुक्रवारी. कुणाचा फोन बिघडला आहे, असं तुम्ही दोघींनी मला विचारलंत. कुणाचाच नाही. बिघाड पूर्वी होता. तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नव्हता आणि आपण सगळे एकाच दिवशी खीर खात होतो. तो दूर करण्यात माझा हात आहे. म्हणून ही हकीकत मीच लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर उत्तर एका जागी सापडेल. मराठीत लिहिते आहे. तुम्ही अडलात तर आईला विचारा. ती अडली तर मला विचारेल.

आजोबा गेले ते इथेच, सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या घरी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या तिथीला आपला एक क्रम ठरून गेला आहे. मामा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन जुरोंग ईस्टच्या ऑफिसातून येतो. मी खीर, वडे आणि आमसुलाची चटणी करते. पान फोटोसमोर ठेवतो. इथे पक्ष्यांना खायला घालायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कावळ्याचा घास आम्ही खिडकीच्या आत ठेवतो आणि कावळे खिडकीच्या बाहेरून बघतात. हा तोडगा दोन्ही पक्षांनी मान्य केलेला आहे. आमचे दुपारचे तीन वाजले की मी टेबलावर टॅब्लेट उभा करते. पलीकडे तुमच्या नेदरलँड्समध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात, तुमच्या पाठीला शाळेची बॅग असते, हातात खिरीची वाटी असते आणि तुमची आई मागून 'सांडू नका' म्हणत असते.

वर्षात एवढा एकच दिवस दोन्ही घरं एका वेळी जेवायला बसतात. दिवाळीला तुम्हाला शाळा असते, वाढदिवसांना तुमच्या मैत्रिणी असतात. त्यामुळे ही तिथी कधी येते याकडे माझं बारीक लक्ष असतं.

ती बघायला मी फोनवरचा पंचांगाचा एक प्रोग्रॅम वापरते. माणूस कुठल्या दिवशी गेला ते एकदा सांगून ठेवलं की दरवर्षी त्याची तिथी कुठल्या तारखेला येते ते तो आठ दिवस आधी कळवतो. तुमच्या आईच्या फोनवरही मीच तो घालून दिला. तो फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात तो बनवतात आणि तो आतून कसा बनवला आहे ते एका साइटवर उघडं ठेवतात. कुणीही यावं, वाचावं, चूक दाखवावी, जमलं तर दुरुस्तीही करून द्यावी. याला ओपन सोर्स म्हणतात. मामाने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, की ज्या कामाला कुणी साहेब नाही ते काम होतं कसं? बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काढल्यावर हा प्रश्न खरं म्हणजे मला पडायला नको होता.

तीन वर्षांपूर्वी प्रोग्रॅमने तिथी बुधवारी सांगितली. बुधवारी सकाळी मी खिरीत वेलची घालत होते, तेवढ्यात पुण्याहून आजोबांच्या बहिणीचा, म्हणजे तुमच्या आईच्या आत्याचा, फोन आला.

"वहिनी, काल दादाची तिथी छान झाली हो. गच्चीवर पान ठेवलं, मागे वळले नाही तोच कावळा हजर."

"काल?" मी म्हणाले.

"काल, मंगळवारी. तुमच्याकडे काय, अजून व्हायचीये?"

"आज आहे."

"अगं बाई. सिंगापूर आमच्या पुढे असतं ना? अडीच तास?"

वेलची जरा जास्तच पडली.

"नाही, चालतं हो," आत्या म्हणाली. "परदेशात काय, जमेल तसं करायचं. दादाला कुठे आता राग येतोय."

आजोबांना हयातीतही राग येत नसे, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिथीबद्दल तर त्यांचं मत असं होतं की दिवस चुकला तरी चालेल, वरण पातळ होता कामा नये. राग आला तो मला. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर सणावारांच्या तारखा मी कळवते आणि माझं उत्तर आलं की चर्चा थांबते. माझ्याच घरात चुकीच्या दिवशी पान वाढलं गेलं होतं आणि ते पुण्याला कळलं होतं. (त्याआधीच्या दोन वर्षांचंही मी नंतर ताडून पाहिलं. एक बरोबर होतं. तुमच्या आईला हे सांगितलेलं नाही. आता कळेल.)

कपाटातलं छापील पंचांग काढलं. तिथे मंगळवारसमोर बारीक अक्षरांत 'सप्तमी श्राद्ध' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कारण सोपं आहे. तिथी काही रात्री बाराला बदलत नाही, ती दिवसातल्या कुठल्याही वेळी सुरू होते आणि संपते. सणाला बहुधा सूर्योदयाची तिथी धरतात. श्राद्धाला दुपारची लागते. दिवसाचे पाच भाग करायचे, त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण, त्या वेळी जी तिथी असेल ती खरी. आणि दुपार म्हणजे आपण जिथे राहतो तिथली दुपार. प्रोग्रॅम मात्र सरसकट सकाळ धरत होता आणि तीही भारतातल्या एका शहरातली, मग तुम्ही पृथ्वीवर कुठेही असा.

साइटवर चूक कळवायला एक रिकामी चौकट असते. त्याआधी स्वतःसाठी एक नाव घ्यावं लागतं. माझं नाव कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. साइटने त्याच नावापुढे चार आकडे लावून चालेल का विचारलं. मला ते कैद्यासारखं वाटलं, म्हणून मी हुद्दा घातला, एक्स सुपरिंटेंडंट. मग इंग्रजीत पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, क्रमांक घातलेले सात परिच्छेद, आणि शेवटी 'आपली विश्वासू'. इतर लोकांनी लिहिलेल्या तक्रारी मी नंतर वाचल्या. 'चालत नाही' एवढ्या दोन शब्दांची एक होती. तिला तेरा जणांनी अंगठा दाखवून दुजोरा दिला होता. माझ्या पत्राला एकानेही दिला नाही.

दोन महिने काहीच झालं नाही. याचं मला विशेष वाटलं नाही. साठाव्या दिवशी उत्तर आलं. भाषा अत्यंत सभ्य होती. या विषयावर साठ दिवसांत काही हालचाल झालेली नाही, आणखी चौदा दिवसांत झाली नाही तर विषय बंद करण्यात येईल, आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत. आणि माझ्या पत्रावर 'शिळा' असा एक शेरा लागला.

कॉलेजात माझा एक नियम होता. आलेल्या प्रत्येक पत्राला तीन दिवसांच्या आत पोच गेलीच पाहिजे, मग काम होवो न होवो. प्राचार्य बदलले, विद्यापीठाचे नियम बदलले, हा नियम बदलला नाही. त्याप्रमाणे मी लिहिलं, की आपलं पत्र मिळालं. हालचाल आपल्याकडून अपेक्षित आहे, अर्जदाराकडून नाही. तरी विषय उघडा ठेवावा, ही विनंती. मिनिटभरात शेरा निघाला. मी थक्क झाले. एक शेरा काढून घ्यायला कॉलेजात मी पाच-पाच महिने टेबलं फिरलेली होते.

पुन्हा साठ दिवस गेले आणि शब्दही न बदलता तेच पत्र आलं. मी पोच दिली, शेरा निघाला. असं चार वेळा झाल्यावर एका रविवारी मामा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"आई, कुणाला एवढं लिहितेयस?"

"त्यांच्या ऑफिसातला एक आहे. बोलायला चांगला आहे, पण त्याला अधिकार काही दिसत नाहीत."

मामाने वाकून वाचलं. मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. हसू आवरायचं असलं की तो लहानपणापासून असंच करतो.

"आई, तो माणूस नाहीये. बॉट आहे."

"म्हणजे?"

"आपोआप चालणारा प्रोग्रॅम. साठ दिवस कुणी बोललं नाही की तो हेच लिहितो, सगळ्यांना."

"मग मी उत्तर दिल्यावर शेरा कोण काढतं?"

"तोच. तू काहीही लिही. नुसतं टिंब टाकलंस तरी काढेल."

"टिंब टाकून कुणी पत्राला उत्तर देतं का?"

"तुला कळतंय ना मी काय म्हणतोय? पलीकडे कुणी वाचत नाहीये."

"कॉलेजात तरी कोण वाचत होतं?" मी म्हणाले आणि पोच पूर्ण केली.

अशी मी एकंदर अकरा पत्रं लिहिली. दरम्यानची तिथी छापील पंचांगावरून केली आणि तुमच्या आईलाही तीच तारीख फोन करून कळवली, त्यामुळे तुम्हाला यातलं काही जाणवलं नसेल. ग्रुपवर मी एवढंच सांगितलं की प्रोग्रॅमशी माझा पत्रव्यवहार चालू आहे.

अकराव्या पत्रानंतर मात्र खरा माणूस आला. हा प्रोग्रॅम मुळात ज्याने सुरू केला आणि अजून सांभाळतो तो. तो कुठे राहतो, त्याचं वय काय, मला माहीत नाही. त्याच्या नावाशेजारचं चित्र पंख्याखाली झोपलेल्या मांजराचं आहे. त्याने लिहिलं, की जुन्या तक्रारी आवरायला बसलो होतो. कुणी पाठपुरावा केला नाही म्हणून बॉटने जवळजवळ सगळ्या बंद केलेल्या आहेत. ही एकच मरायला तयार नाही. दोन वर्षं बॉटला उत्तरं कोण देतंय?

मी लिहिलं, की मी.

'थँक्स, मॅन,' असं उत्तर आलं.

मी कळवलं, की आभारांची नोंद घेतली आहे, परंतु मी आजी आहे. त्यावर दिवसभर काही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक वाक्यात 'प्लीज' येऊ लागलं.

माझं म्हणणं त्याला पटलं होतं. तो म्हणाला, बदल मी करतो, पण तो बरोबर आहे हे ताडायला खात्रीची उत्तरं हवीत. अमुक गाव, अमुक वर्ष, अमुक तिथी, श्राद्ध अमुक दिवशी. अशी यादी कुणी दिली तर प्रोग्रॅमने काढलेली उत्तरं तिच्याशी जुळतात का ते यंत्रच बघेल. म्हणजे परीक्षेच्या आधी आदर्श उत्तरपत्रिका करून ठेवतात, तसं. हे काम मला येत होतं. शिवाय माझ्याकडे पंधरा वर्षांची जुनी पंचांगं होती. घर बदलताना मामा ती टाकून देणार होता. तेव्हा मी काय म्हणाले होते त्याची मी त्याला आता आठवण करून दिली.

रोज सकाळी दहा ते बारा मी जेवणाच्या टेबलावर बसत असे. चार गावं घेतली. पुणे, सिंगापूर, तुमचं गाव, आणि कुणीतरी तिकडे नक्की असेल म्हणून न्यूझीलंडमधलं एक. प्रत्येक गावाचा सूर्योदय, सूर्यास्त, दिवसाचे पाच भाग, तिथीची सुरुवात, शेवट. ऐंशी ओळी झाल्या. प्रत्येक ओळ दोनदा तपासली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग साइटवर चढवली. अर्ध्या मिनिटात नापास. तपासणारं यंत्र म्हणालं, पहिला रकाना अनोळखी आहे. पहिला रकाना अनुक्रमांकाचा होता. तो काढला. शेवटचा रकाना अनोळखी ठरला. तो शेऱ्याचा होता. तोही काढला. तरी नापास, कारण शेवटच्या ओळीखाली मी सही आणि 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं होतं. अनुक्रमांक नाही, शेरा नाही, सही नाही, असा कागद मी आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पाठवला आणि तो पास झाला.

शेवटच्या टप्प्यावर त्या मांजरवाल्याने एक प्रश्न विचारला. आता खरी गोष्ट इथे आहे, म्हणून नीट लिहिते. तो म्हणाला, आत्तापर्यंत सगळ्या जगाला एकच तारीख मिळत होती. हा बदल केला तर परदेशातल्या माणसाला एक दिवस आणि त्याच्या घरच्यांना दुसरा, असं होऊ शकेल. हे आपल्याला नक्की हवं आहे का? लोकांना बरोबर दिवसापेक्षा एकच दिवस हवा असेल, तर?

मी त्याच दिवशी उत्तर दिलं. तीन मुद्दे होते. एक, शास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. दोन, प्रोग्रॅमचं काम तिथी सांगणं हे आहे, कुटुंबाची सोय बघणं नाही. तीन, चूक सगळ्यांनी मिळून केली म्हणून ती बरोबर होत नाही. तिसरा मुद्दा मला फार आवडला होता. मी तो मामाला वाचून दाखवला. तुमच्या आईलाही फोनवर ऐकवला. ती म्हणाली, "वा."

बदल झाला. प्रोग्रॅमला हातभार लावणाऱ्यांची एक यादी असते, तिच्यात आता मी आहे. वर एक उकडलेल्या बटाट्याचं चित्र आहे, खाली कुणीतरी रोबोट आहे, मध्ये मी. पुण्याला फोन करून आत्यालाही कळवलं.

"म्हणजे तुम्हाला पंचांगाचं काम मिळालं?" तिने विचारलं.

"काम मिळालं नाही. मी केलं."

"पगार?"

"नसतो."

"मग बरंय," ती म्हणाली. "तेवढाच वेळ जातो."

हे झालं या वर्षाच्या सुरुवातीला. यंदा दिवाळी आटोपली आणि थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. पुढच्या महिन्यातली तिथी तिने प्रोग्रॅममध्ये आधीच बघून ठेवली होती.

"आई, बाबांची तिथी आमच्याकडे गुरुवारी दाखवतंय."

"बरोबर आहे."

"आणि तुझ्याकडे?"

"शुक्रवारी. तेही बरोबर आहे."

"मी शुक्रवारची सकाळ मागून घेतलीय, आई." तुमच्या आईच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली पाळी महिनाभर आधी ठरते, हे तुम्हाला माहीतच आहे. "तू पूर्वी शुक्रवार म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. माझा शुक्रवार."

"गुरुवारी मला सोडणार नाहीत. मुली शाळेत. दुपारी दीड ते तीन म्हणतोय हा, त्या वेळी आमच्या घरात कुणी नसतं. रात्री जेवताना करू का?"

"रात्री नसतं चालत."

"मग शुक्रवारी सकाळी करू, नेहमीसारखं. बाबांना काय फरक पडतोय?"

"प्रश्न बाबांचा नाही."

"मग कोणाचा आहे?"

मी म्हणाले की उत्तर तीन दिवसांत कळवते.

ते तीन दिवस मी काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी आधार शोधला. लेक परदेशी असेल तर तिने माहेरच्या गावची दुपार धरावी, असं कुठे लिहिलं आहे का? कुठेही नाही. घरातली तीन पुस्तकं पाहिली, पुण्याच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "ज्याचं त्याचं स्थान, ज्याची त्याची दुपार." माझंच वाक्य मला परत मिळालं. मग ऐंशी ओळींची यादी काढून तुमच्या गावाच्या ओळी पुन्हा तपासल्या. एखादी चूक सापडावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आमच्याजवळच्या खाण्याच्या गाळ्यांवर, आमच्या मजल्यावरची शेजारीण भेटली. ती चिनी आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि तिच्या घरातही चंद्राच्या महिन्यांचं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. सासूचा दिवस ती त्यावरून करते. आम्ही दोघी कॉफी घेऊन बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. अपराह्णाचं सांगायला वेळ लागला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सेम डे डू, लाह," ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, ज्यात लाह आणि मेह ही नुसती शेपटं असतात. "युअर हजबंड गॉट फोन, मेह?"

मी म्हणाले की आमच्यात तसं चालत नाही.

"माय मदर-इन-लॉ, आय डू संडे. संडे एव्हरीबडी फ्री. शी ऑल्सो फ्री."

"आमच्यात रविवार चालत नाही."

"यू ऑल सो स्ट्रिक्ट," ती कॉफी ढवळत म्हणाली, "देन हू कम?"

ती वाईट अर्थाने म्हणाली नव्हती. पण घरी येताना लिफ्टमध्ये माझ्या डोक्यात तेच होतं. 'मग कोणाचा आहे?' या तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुपारी दीड वाजता तुमच्या रिकाम्या घरात तिथी अगदी बरोबर येऊन गेली असती, आणि शुक्रवारी तीन वाजता मी टॅब्लेट उभा केला असता तो कुणासाठी?

तिसऱ्या दिवशी मी त्या मांजरवाल्याला लिहिलं. विषय, संदर्भ, आणि एकच परिच्छेद. त्यात कबूल केलं की त्याने विचारलेला प्रश्न योग्य होता, आणि दोन घरांना एकच दिवस धरायचा असेल तर काही सोय करता येईल का असं विचारलं. तासाभरात उत्तर आलं. सोय आहे, तो म्हणाला. सेटिंगमध्ये 'स्थळ' म्हणून ओळ आहे. फोन कुठे आहे ते प्रोग्रॅम आपोआप ओळखतो, पण ते बंद करून गाव आपल्या हाताने निवडता येतं. मुलीला सिंगापूर निवडायला सांगा, प्लीज. माझ्या तिसऱ्या मुद्द्याचा त्याने उल्लेख केला नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मुदतीच्या आत मी तुमच्या आईला फोन केला.

"सेटिंगमध्ये जा. स्थळ. तिथे सिंगापूर निवड."

"म्हणजे त्याला खोटं सांगायचं?"

"खोटं नाही. निवडायचं. तशी सोय ठेवलेली आहे."

"आई, दोन वर्षं तू त्याला हेच शिकवत होतीस ना, की माणूस जिथे असेल तिथली—"

"तीन," मी म्हणाले. "निवडलंस का?"

"निवडलं. शुक्रवार आला."

"मग झालं."

"बाबा असते तर हसले असते," ती म्हणाली.

"हसू देत."

शुक्रवार तुम्हाला आठवत असेल, पण मी माझ्या बाजूने लिहिते. मामा एक वाजता आला. वरण घट्ट होतं. कावळे वेळेवर होते, काचेपलीकडे. तीन वाजता तुम्ही दिसलात. थोरलीच्या वाटीत खीर कमी होती कारण ती तिने आधीच खाल्ली होती. सप्तमी त्या दिवशी आमच्या साडेचारपर्यंत होती, म्हणजे तुमच्या सकाळच्या साडेनऊपर्यंत. तुमची दुपार गाठायला ती थांबणार नव्हती, पण तुम्ही वाट्या हातात घेतल्यात तेव्हा अजून गेलेलीही नव्हती. शास्त्राला एवढं पुरत नाही. मी आधीच तपासून ठेवलं होतं.

धाकटी आईचा फोन घेऊन बसली होती.

"आजी, हा म्हणतो आता अपराह्ण आहे."

"आहेच."

"बट आजी, बाहेर डार्क आहे. सन अजून आलाच नाही."

"येईल. तू खीर खा."

"हू इज राँग?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "वाटी सरळ धर."

त्यानंतर मामाने फोटोला नमस्कार केला, तुम्ही तिकडून केलात, आणि आठ वीसला तुम्हाला निघावं लागलं. टॅब्लेट बंद केल्यावर मी प्रोग्रॅममध्ये पाहिलं. अपराह्ण संपायला अजून सव्वा तास होता.

आता एक राहिलं. गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला होता. ती म्हणाली, हा प्रोग्रॅम मला रोज मध्यरात्री खणखणीत आवाजात कळवतो की सूर्योदय झाला. मी म्हणाले, त्याच्या मते तुम्ही अजून सिंगापूरला आहात, तो आमचा सूर्योदय सांगतो. काम झालं आहे, आता स्थळ बदलून टाक. ती म्हणाली, बदलते.

काल बोलताना तिने जांभई दिली आणि इथे आज उजाडायला सात वाजून बारा मिनिटं झाली का, असं विचारलं. म्हणजे तिने अजून बदललेलं नाही. मी आठवण करणार नाही. आठवण करणारं पत्र लिहायचं तर आधी साठ दिवस जावे लागतात.